तिवरांतली शिटी

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. एकवीरा आईपुढे हात जोडले की ओठांपर्यंत यायचं – आणि मी पोरांची तब्येत मागून उठायचे. आज लिहितेय, कारण आज राग आलाय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे वाचणारा जो कुणी असशील, जसं जमेल तसं तुला सांगते.

गेल्या रविवारी मढला, माझ्या माहेरी, गावच्या मंडळाने माझा सत्कार केला. लहानपणी आमच्या समुद्रात लष्कराचं शिकाऊ जेट विमान पडलं होतं. ते पाहिलेली आता मीच उरलेय म्हणे. भाषण करणारा म्हणाला, आपल्या कोळी बांधवांनी जीव धोक्यात घालून वैमानिकांना शोधलं. टाळ्या. मला शाल, नारळ. माझ्या तोंडापुढे माइक धरला. मी मान खाली घातली.

"आजी लाजतात," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

लाजते मी? जन्मभर लाजरी म्हणून सुटत आलेय मी.

आधी बाचं सांगायला हवं. दारूबंदीचे दिवस होते. आमचं घर गावाच्या टोकाला, खाडीच्या अंगाला. समोरच्या तिवरांच्या झाडीत बाची हातभट्टी. मासळी मिळत नसे म्हणून – नाही, ही सबब झाली. मासळी मिळायची तेव्हाही भट्टी चालायचीच. पोलीस खाडीत शिरले की बा तिवरांतून शिटी मारायचा. मी बोंबील वाळत घालत असायचे, कान मात्र तिकडे. शिटी आली की घरी धावायचं, बाटल्या चुलीमागे सारायच्या. कुणी विचारलं तर काही ऐकलं नाही म्हणायचं. यात मी हुशार होते. शाळेत कधी नव्हते तेवढी.

ती विमानं तेव्हा नवी होती. पुढे पंखा नाही. विमान डोक्यावरून निघून जायचं आणि आवाज मागून यायचा. त्या दुपारी आवाज मधेच तुटला. पाण्यावर आग दिसली. सगळं गाव किनाऱ्याला धावलं, होड्या काढल्या – तेवढं त्या भाषणातलं खरं आहे. मी बोंबलांपाशी उभी होते. आणि पाठीमागून, खाडीकडून, शिटी आली.

सवयीने घरी धावले. बा ओट्यावर बसलेला. पाय सुजला होता, म्हणून कुठे गेला नव्हता. शिटी पुन्हा आली. मी बाच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. बा इथे – मग तिकडे कोण?

दोघांनाही कळलं. मला कळलं नव्हतं असं कधी म्हणू नकोस.

"काय आयकलंस गो?" बा म्हणाला.

"काय नाय."

"बरं. बाटल्या सार."

मी सारल्या.

मग लष्कराची माणसं जीप घेऊन आली. विमानात दोघं होते, शिकवणारा आणि शिकणारा. शिकवणारा समुद्रात सापडला, जळलेला. शिकणाऱ्याने हवाई छत्री घेऊन उडी टाकली असणार, पण ती उतरताना कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांचे डोळे आगीवर.

"तिवरांत नुसता चिखल, साहेब. तिथं कोन जातंय," बा म्हणाला.

साहेब माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. मोडक्या मराठीत विचारलं, "बाळ, तू काही ऐकलं?" तेव्हा शिटी थांबली होती. दम घेत असेल तो. मी नाही म्हणून मान हलवली.

"लाजते पोर," बा म्हणाला.

साहेबाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचाही मला राग येतो. साहेब, पोर खोटं बोलतेय, दिसलं नाही तुला? एकदाच का विचारलंस? पण हा राग खोटा आहे, बघ. त्याने विचारलं होतं. मला विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो सापडला. पाय तिवराच्या मुळांत अडकलेला, छत्रीच्या दोऱ्या अंगाभोवती. गळ्यात शिटी. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, असं आई म्हणाली. भट्टी कुणाला दिसली नाही. सांजेलाच बाने सुजलेल्या पायाने होडी ढकलली होती आणि पिंपं हलवली होती. सुजलेल्या पायाने. होडी दुपारपासून दारातच होती.

बाला मी मनात खूप शिव्या दिल्यात. तो कधीच मेला, त्याच्यावर ढकलणं सोपं आहे. पण एक गोष्ट बाची नाही, माझी आहे.

साहेब गेला आणि शिटी पुन्हा सुरू झाली. जीप अजून देवळाच्या वळणावर होती. हाक मारली असती तर पोचली असती. मला हाक मारता येत होती, भावंडांना पार किनाऱ्यापर्यंत हाका मारायचे. मी बोंबील उलटत राहिले. खाडीत भरती लागली होती. शिटी तुटक झाली. मग बंद झाली.

बंद झालेलीही मी ऐकली.