कोकिळाबाईच्या सायकलची दोन टायरं

कोकिळाबाईला पाड्यावरची माणसं ‘लसवाली’ म्हणतात. सुई टोचतात दिपमाला सिस्टर. कोकिळाबाई नुसता लसींचा थंड डबा पाठीला बांधून आरोग्य केंद्रापासून सातपुड्याच्या पायथ्याचे अकरा किलोमीटर सायकल हाणते. तरी पोरं भोकाड पसरतात ते तिलाच बघून.

सायकल भाच्याची, गिअरवाली. वजन उतरवायला घेतली होती. वजन तिथंच राहिलं, सायकल मावशीकडे आली.

पण टायरं गुळगुळीत झाली होती. एका महिन्यात तीन पंक्चर झाले, आणि तिसऱ्या वेळी सिस्टरनं स्पष्टच सांगितलं, “अक्का, आता एकदा जरी डबा अडकला, तर केंद्रातल्या पियुषच्या मोटारसायकलला काम जाईल. डॉक्टरांचा निरोप आहे.”

पैसे काही फार मिळत नव्हते. पण बुधवारचे ते अकरा किलोमीटर म्हणजे, ‘चहा टाक’ म्हणणारं कोणी मागे नाही, अशी तिची आठवड्यातली एकच वेळ. देवाचं नावही ती तेव्हाच निवांत घेते. ते पियुषला द्यायचं तिच्या जिवावर आलं.

भाचीच्या साखरपुड्याला ती धुळ्याला, देवपूरच्या माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून अमृतलाल शेठच्या सायकलच्या दुकानात शिरली आणि टायरं मागितली.

“पोऱ्या कितवीले शे, अक्का?” शेठनं विचारलं.

“सायकल मनी शे, पोऱ्यानी नही.”

शेठनं चष्मा वर सरकवला आणि सगळ्यात महागडं टायर खाली काढलं. “डोंगरासाठी हेच. एकदम मुलायम पकड.”

कोकिळाबाईनं त्यात अंगठ्याचं नख रुतवलं. “मुलायम शे ना, तेच तर. बाभूळना काटाले जावईसारखा पाहुणचार मिळी.”

“मग हे घ्या. दात बघा, दात.”

“दात इतले जवळ जवळ! काळी माती अडकनी का मी सायकल चालाडू का वावर उचली नेऊ?”

“मग स्वस्तातलं आहे. एक पावसाळा टिकतं.”

“आनि दुसरा?”

“दुसरा तुमच्या पुण्याईवर.”

तिनं अर्धा तास चाचपून शेवटी दोन जातींची दोन टायरं निवडली. मागच्या चाकावर सगळा भार, तेच आधी झिजतं. म्हणून मागे कडक रबराचं, बुटक्या दातांचं, बेताच्या किमतीचं. पुढच्यानं वाट धरायची, म्हणून तिथं जरा महाग, उंच पण विरळ दातांचं, चिखल झटकून टाकणारं.

“जोडी फोडून देत नाही मी,” शेठ म्हणाले.

“शेठ, तुमना डावा हात नि उजवा हात एकच काम करतस का?”

शेठनं डाव्या हातातल्या चहाच्या कपाकडे पाहिलं आणि टायरं बांधून दिली.

घरी नवरा चुडामण पोट धरून हसला. “एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून निघशील आता.” पण टायरं बसवून देईन म्हणाला. शेजारच्या शेतातला पाणी द्यायचा जुना चपटा पाईप त्यानं उभा चिरला. त्याची पट्टी टायर आणि ट्यूबच्या मध्ये घातली की काटा आत पोचत नाही. इकडे सगळे हेच करतात. बसवण्याआधी कोकिळाबाईनं टायरांची पूजा केली. हळदीकुंकवाची जाड पेस्ट कालवून पुढच्या टायरच्या कडेला मोठं स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. मग चुडामणनं टायरं चढवली.

बुधवारी रात्रीच्या पावसानं वाटेचा लगदा झाला होता. मागचं चाक गुणी निघालं. पुढचं मात्र वळणावर पाय घसरल्यासारखं सरके, आणि चिखल सोडायच्या ऐवजी गोळा करी. दोनदा ती डब्यासकट आडवी होता होता वाचली. अमृतलाल शेठच्या मागच्या तीन पिढ्यांचा तिनं उद्धार केला. देवाचं नाव त्या दिवशी राहिलंच.

नाल्यात उतरून तिनं चाक धुतलं. चिखल गेला, त्याच्याबरोबर स्वस्तिकही गेलं आणि खाली रबरात कोरलेला बाण दिसला. चाकानं कुठल्या दिशेनं फिरायचं, ते सांगणारा. तो उलटा होता.

तिनं कपाळाला हात लावला. चुडामणला बाण दिसणार कुठून? बरोबर त्याच्यावरच तिनं कुंकू थापलं होतं. “देवा, जरा बाजूला बसला असतास तर,” ती पुटपुटली, आणि जागा आपणच दिली होती हे आठवून तिनं कान धरले. शेठच्या पिढ्यांचीही मनातल्या मनात माफी मागितली.

पाना तिच्याजवळ होता. टायर उतरवायची गरज नव्हती. तिनं अख्खं पुढचं चाकच काढलं, डावी बाजू उजवीकडे करून बसवलं, ब्रेक जागेवर घेतले. पुढच्या चढावर दात मातीत रुतले आणि माती मागे उडू लागली.

पाड्यावर पोचायला दहाऐवजी दहा वाजून वीस मिनिटं झाली. सिस्टरनं आधी डबा उघडला. बर्फ घट्ट होता.

“कुठं अडकला होतात?”

खोटं बोलायचं तिला जमत नाही. तिनं कुंकवापासून सगळं सांगितलं. सिस्टरनं हसू दाबत पहिल्या बाळाचा दंड पुसला.

“तुम्हाला शोधायला पियुषला पाठवलाय. आत्ताच फोन आला त्याचा. नाल्याशी उभा आहे. नवे बूट आहेत म्हणतो, पाण्यात उतरत नाही.”

“मंग?”

“मग काय? पुढच्या बुधवारी वीस मिनिटं लवकर निघा.”

दुपारी रिकामा डबा बांधताना सिस्टर म्हणाल्या, “अक्का, नाल्यापलीकडे पियुष थांबलाय तुमच्यासाठी. सायकल मागे बांधेल, घरापर्यंत सोडेल.”

“त्याले सांगा, मी कवयच गई, कधीची घर पोचनी,” कोकिळाबाई म्हणाली, आणि नाला टाळणाऱ्या लांबच्या पायवाटेला लागली.