तारोडीला पोचवलेला नकार

नवघरहून निघालो तेव्हा पिशवीत विद्यापीठाचं एक पत्र होतं आणि पाय काही केल्या उचलत नव्हते. नव्वद सालानंतरची गोष्ट. विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाची गोडी लावणं हे माझं काम. योजना साधी होती. ज्या घरात परदेशी विद्यार्थी राहील, त्या घरातलं मूल पुढच्या वर्षी तिकडं शिकायला जाईल. तारोडीच्या फिलोमिनाकडे हेल्गा नावाची जर्मन मुलगी सहा महिने राहिली. फिलोमिना आमच्याकडेच एम.ए. करत होती. आता पाळी तिची. पण जागा मिळाली विभागप्रमुखांच्या भाच्याला. फिलोमिनाच्या घरी फोन नव्हता, म्हणून कळवायला मला धाडलं.

भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस मिळाली. मिठागरं मागं पडली, वारा खारट झाला. शेजारी रिकामी पाटी घेऊन बसलेल्या कोळणीनं कुणाकडं जाताय म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं.

"फिलोकडं? तिचं जर्मनीचं इमान कवा उडनार? रविवारी फादरनी तिच्यासाठी प्रार्थना केली. आख्खा गाव होता!"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या नादात एक थांबा पुढं गेलो आणि भर उन्हात मागं चालत आलो.

किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. फिलोमिनाची आई दारातच होती.

"सर आले! तिकीट घेऊनच आले!"

मी तोंड उघडलं.

"न्हाय, आदी जेवा. उपाशी मानसाकडून बातमी ऐकत न्हाय आमी."

ताटात भात, तळलेले बोंबील आणि फुगे (मैद्याचे तळलेले गोळे, घरात कार्य असलं की करतात). ते लेकीच्या निरोपासाठी केले होते. मी चार खाल्ले. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती, हे लपवून काय उपयोग?

हात धुऊन पत्र दिलं. फिलोमिनानं वाचलं, आईला दोन शब्दांत सांगितलं. आई ताटं उचलू लागली.

"सर, हेल्गाचा प्रबंध मान्य झाला?"

"झाला."

"त्यातलं इथल्या बायकांचं सगळं बोलणं मी इंग्लिशमध्ये करून दिलंय. माझं नाव आहे?"

"आभारात आहे."

"माझं नाव कापलं त्या मीटिंगला तुम्ही होता?"

"होतो."

"काय बोललात?"

काहीच बोललो नव्हतो. मी पिशवी उचलली.

निघताना आईनं सुके बोंबील कागदात बांधून हातात दिले. "तुमी तरी काय करनार," म्हणाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी विचारलं, "रडली का?"

"नाही."

"समंजस लोक आहेत. यंदा दोन फ्रेंच मुली येतायत. ठेवून घेतील का, तारोडीच्या त्या घरीच विचारा ना."

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमची तर गरजही सरत नव्हती. प्रवासानं माणूस मोठा होतो, असं मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. भाईंदर ते तारोडी, जेमतेम तासाभराची वाट. तेवढ्यात मी केवढा छोटा आहे ते मला कळलं. स्वतःची किळस आली.

"विचारतो," म्हणालो. कोरा फॉर्म ओढला आणि यजमान कुटुंबाच्या रकान्यात तारोडीचा पत्ता लिहिला. तो आता मला पाठ झाला होता.