सायकलवाल्याचं पेट्रोल कार्ड

खराडीतल्या ज्या आयटी कंपनीत मी चहा-कॉफीची पॅन्ट्री सांभाळायचो, तिच्या लॉबीत एके दिवशी बँकेचं टेबल लागलं. टेबलामागचा टायवाला मुलगा मला "सर" म्हणाला. आठवीत शाळा सोडून गोंदियाकडून आलेल्या माणसाला तोवर कोणी सर म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. त्याने बोट ठेवलं तिथं तिथं सह्या केल्या आणि महिन्याभरात पेट्रोलचं क्रेडिट कार्ड घरी आलं. पंपावर वापरा, पॉइंट मिळवा. त्या काळात बँका रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून कार्डं देत होत्या. माझ्याकडे गाडी कोणती, हे विचारायचं त्याच्याकडून राहिलं आणि सायकल, हे सांगायचं माझ्याकडून.

गावी फोन केला तर थोरला भाऊ म्हणाला, "काहून रे, पुण्यात सायकलीले पेट्रोल लागते का?"

त्याच वर्षी मी दहावीला बसलो होतो. बसवलं होतं अकाउंट्सच्या मॅडमनी. त्या शनिवार पेठेतल्या, बोलणं मोजकं. चिडल्या की 'तुम्ही'चं 'आपण' व्हायचं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनी आणला, फी त्यांनी भरली, मुलीची जुनी पुस्तकं दिली आणि साहेबांशी बोलून मला सातऐवजी पाचला सोडायचं ठरवलं. "रोज दोन तास अभ्यास करा. मार्चमध्ये पास व्हा. बाकी काही नको मला."

ते 'बाकी काही नको' मला सोसेना. उपकार अंगावर राहिला की मला जेवण जात नाही, जुनी खोड आहे. निदान फी तरी परत करावी. पण पगार सगळा गावी जायचा. पॅन्ट्रीत इंजिनियर पोरं बोलत असायची. त्यांतला एक पॉइंटवर विमानाने गोव्याला जाऊन आला होता. "झीरो एफर्ट, काका!" मी सव्वीस वर्षांचा होतो, काका नव्हतो. पण झीरो एफर्ट डोक्यात बसलं.

दिवाळी झाली आणि मी नगर रोडच्या पंपावर उभा राहू लागलो. गाडीवाल्याने पेट्रोलचे पैसे रोख माझ्या हातात द्यायचे, मी माझं कार्ड घासायचं, पॉइंट माझे. इतकं सोपं.

पण दहा जणांना विचारावं तेव्हा एक तयार व्हायचा. कार्ड घासलं की केबिनमधलं मशीन विचारात पडायचं. पावतीवर माझी सही दर वेळी वेगळी यायची, म्हणून कॅशियर ती कार्डामागच्या सहीशी ताडून बघायचा. तोवर मागून हॉर्न. एका आजोबांनी हेल्मेट काढून मला नीट न्याहाळलं. "म्हणजे पेट्रोल मी घ्यायचं, बिल आपण भरायचं आणि वर आभारही आपणच मानायचे? घरी सगळं ठीक आहे ना?"

पेट्रोल सोडणारा माणूस वाघोलीचा. तो म्हणायचा, "पाव्हणं, मालकाला सांगून तुमाला बी ड्रेस देऊ का? रोजचंच हाय तुमचं."

शनिवारी ती रोकड बँकेत भरायची रांग. तारीख चुकली तर व्याज लागेल, म्हणून भरलेल्याच्या पावत्या मी पुनःपुन्हा लावून बघायचो. भूगोलाचं पुस्तक सायकलच्या कॅरिअरला असायचं. त्याला पेट्रोलचा वास लागला होता, एवढीच त्याची प्रगती.

सकाळी मॅडम विचारायच्या, "काल किती झालं?"

"बरंच झालं," मी म्हणायचो. तेही खोटं नव्हतं.

जानेवारीत एका संध्याकाळी, सात वाजून गेले होते, एक स्कूटर आली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातमोजे. पुण्यात गाडीवरची बाई सख्ख्या नवऱ्यालाही ओळखू येत नाही. मी पुढे झालो. "नमस्कार ताई, फसवणूक नाही, रोख मला द्या, मी कार्ड घासतो, आपलं काही नुकसान नाही..." त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं आपलं बोलून?" स्कार्फमधून आवाज आला. "भूगोल किती झाला?"

हवा भरायच्या जागी गाडी लावून त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. फी, उपकार, पॉइंट.

"बरं. मग या पॉइंटांचे पैसे किती येतात?"

"पैसे येत नाहीत, मॅडम. पेट्रोल मिळतं." हे मलाही मागच्याच आठवड्यात कळलं होतं.

त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. "पाचनंतर ऑफिसात चहा कोण करतं, माहीत आहे?"

पाचनंतर कोणी चहा पीतच नसेल, असं मी धरून चाललो होतो.

"मी करते. कपही मीच विसळते. साहेब त्याच अटीवर तयार झाले. फीचं राहू द्या. माझे रोजचे दोन तास कुठं गेले, ते सांगा."

कॅरिअरवरचं पुस्तक सोडवून मी छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाचनंतर पॅन्ट्रीतच पुस्तक घेऊन बसलो. मॅडम कप विसळायच्या. मी उठून हात लावायला गेलो की म्हणायच्या, "नद्या म्हणा." मी नद्या म्हणायचो. उगम चुकला की कप जरा जोरात आपटायचा.

पास झालो. मॅडमनी मार्कलिस्ट दोनदा वाचली. "इतिहास-भूगोल मिळून शंभरात अडतीस. उरलेले पंपावर सांडले."

कार्ड बंद करण्याआधी साठलेल्या पॉइंटांचं पेट्रोल त्यांच्या स्कूटरमध्ये घालायचं मी ठरवलं. हो-ना करत त्या आल्या. कॅशियरने फॉर्म काढला, फॉर्मसाठी मॅनेजर आला, मॅनेजरने कुठंतरी फोन लावला. मॅडम स्कूटरवर बसून घड्याळ बघत होत्या.

"तीन लिटर आणि पाऊण तास," शेवटी त्या म्हणाल्या. "पेढे आणले असते तरी चाललं असतं हो." पण टाकी किती भरली ते वाकून पाहिलं आणि मग गेल्या.

मी सायकल काढली. वाघोलीवाला म्हणाला, "पाव्हणं, लई दिवसांनी? कुठं व्हता?"

"दहावी पास झालो."

"आरं वा! मंग आता गाडी घ्या की."