धाकटीच्या पत्रिकेचा मजकूर

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. तिच्या साड्यांमुळे नाही, मुलाच्या नोकरीमुळेही नाही. तिची पत्रिका छापली जाणार होती आणि तिचा मजकूर अण्णा लिहिणार होते, त्यामुळे.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, सरकारी कचेरीत कारकून होते. मोहोळकडून येऊन जुळे सोलापूर भागात त्यांनी घर बांधलं आणि बघता बघता अख्ख्या कॉलनीच्या लग्नपत्रिका त्यांच्या हाताखालून जायला लागल्या. छापखान्यात जाण्याआधी लोक कच्चा मजकूर घेऊन आमच्याकडे यायचे. आजोबा वारले असतील तर त्यांचं नाव कै. लावून वर. वडील नसतील तर आईचं एकटीचं, पण ठळक. मामांचा क्रम काय, कुठली आत्या रुसेल, सगळं अण्णा निस्तरायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून पक्की प्रत मी काढायची. नववीपासून मी दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं वळणदार अक्षरात लिहिली. दर वेळी नवरीच्या जागी स्वतःला आणि 'श्री. व सौ.' च्या पुढे अण्णा-आईला बसवून बघितलं.

अण्णांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "ही कितवी?" ज्येष्ठ, द्वितीय, कनिष्ठ, जे असेल ते लिहायचंच. एकदा मागच्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "नुसतं कन्या लिवा की, भाऊ." त्यांची थोरली घरातून निघून गेली होती, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. अण्णांनी चष्मा काढला. "थोरली हाय न्हवं कुटंतरी? मग ही धाकटी. कनिष्ठच लिवायचं." काकू रडल्या, पण तसंच छापलं गेलं.

पुढं आमच्या घरात तशी थोरली मीच निघाले. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. पत्रिका नाही, अक्षता नाहीत. फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना होता, तिथं अण्णांचं नाव मीच भरलं. माझ्या लग्नात ते तेवढेच आले. दोन वर्षं माहेर तुटलं होतं. मग आईच्या आजारपणात दार उघडलं. आता सणावाराला जाते, जेवते, हसते. माझ्या लग्नाचा विषय मात्र कुणी काढत नाही.

तर एका रविवारी अण्णांचा फोन आला. "मजकूर झालाय. पक्की प्रत काढायला ये की."

मी गाडी काढली आणि गेले. धाकटी सोफ्यावर मोबाइलमध्ये पत्रिकांचे नमुने बघत बसली होती. "ताई, मोर बरा की गणपती?" मला मोर, गणपती आणि तो मोबाइल, तिन्ही खिडकीतून फेकावेसे वाटले. मी म्हटलं, "मोर लई छान हाय."

अण्णांनी पुढं केलेल्या कागदावर इतकी खाडाखोड होती की मूळ ओळ शोधावी लागत होती. 'करण्याचे योजिले आहे' तीनदा लिहून तीनदा खोडलेलं. चार दिवस हा माणूस हिच्यासाठी शब्द शोधत बसला होता! माझ्यासाठी आठ वर्षांत यानं एक ओळसुद्धा खोडली नव्हती. मत्सर वाईट, असं म्हणतात. माझं तर त्या दिवशी अक्षर उलट जास्तच सुरेख येत होतं.

कुलदैवत झालं. आजोबांचं कै. झालं. मग अण्णांचं नाव, आईचं नाव, आणि पुढे अण्णांनी लिहिलं होतं, 'यांची कन्या'. नुसतंच.

गप्प बसता आलं असतं. पण मला त्या मागच्या गल्लीतल्या काकू आठवल्या आणि डोकं फिरलं.

"अण्णा, ही कितवी?"

धाकटीनं मान वर केली. आई मेथी निवडायची थांबली. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हण्यांत वाचत्यात. इचारतील, थोरली कुटं दिली म्हणून."

"काकूंनाबी इचारलं असंल की."

 अण्णा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मला वाटलं, आता उठून आत जातील.

"दुसरी," ते म्हणाले. "कनिष्ठ लिव की मग."

मी लिहिलं. त्या अख्ख्या प्रतीत तेवढाच शब्द वाकडा आला.

पंधरा दिवसांनी सात रस्ता चौकाजवळच्या छापखान्यातून पत्रिका आल्या. एक मी घरी आणली. नवऱ्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली, मामा-मावश्यांसकट. मग विचारलं, "सगळी आहेत यात. तू कुठायस?"

मोर तिचा होता, सोनेरी कडा तिची होती, अण्णांनी खोडून खोडून शोधलेले शब्दही तिचेच होते. मी 'कनिष्ठ' वर बोट ठेवलं.

"हितं," म्हटलं.