एकच मच्छरदाणी

आमच्या घरात मच्छरदाणी एकच होती, आणि ती माझी होती. भिवंडीतल्या आमच्या घरामागे लूमची शेड, शेडमागे गटार आणि गटारावर डासांचं राज्य. दुसरी मच्छरदाणी दरवर्षी 'पुढच्या दिवाळीला' यायची होती. तोवर मी आत आणि माझी थोरली ताई बाहेर, अशी वाटणी आईने करून टाकली होती.

कारण मी पांढरीफटक. अगदी वडिलांवर गेले होते. ताई गालांनी लाल, अंगाने धडधाकट. आई पडघ्याकडच्या शेतकरी घरातली; शेजारणींना सांगायची, "मोठीला काय होतंय? ती खणखणीत हाय. हिच्या अंगात रक्तच न्हाय, डासांनी पिलं तर उरंल काय?" मग माझ्यामागे बीट, गूळ-शेंगदाणे, कलेजी आणि दात काळे करणारं लोहाचं टॉनिक. कलेजी ताई पळवायची आणि मी खुशाल पळवू द्यायचे.

लूमच्या खडखडाटात आम्हाला गाढ झोप लागायची. शुक्रवारी लूम बंद असले की उलट डोळा लागत नसे. मग ताई जाळीला नाक लावून मला भुताच्या गोष्टी सांगायची. तसे शुक्रवार पुन्हा मिळाले तर मी काय वाटेल ते देईन.

हिवताप मात्र दरवर्षी ताईलाच गाठायचा. मलाही कधी आला, पण दोन दिवसांत मी अंगणात खेळत असे. एका वर्षी पाऊस सरता सरता ताईच्या डोक्यात ताप गेला. ती आम्हाला ओळखेना. आई दवाखान्याच्या पायरीवर बसून देवाला नाही नाही ते बोलली. ताई वाचली, दहावीचं वर्ष गेलं आणि लांबसडक केसही गेले.

नव्वदच्या दशकात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला लोह कमी नाही. हा थॅलेसेमिया मायनर. तांबड्या पेशी जन्मापासूनच लहान; आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आलंय." कुणाकडून, ते मला विचारावं लागलं नाही. नवऱ्यातही तोच दोष असता तर बाळाला धोका होता. त्याचं रक्त चांगलं निघालं आणि माझ्या जिवात जीव आला. मग बाई सहज बोलून गेल्या की अशा रक्ताच्या माणसांच्या जिवावर मलेरिया सहसा बेतत नाही.

घरी येऊन मी वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या ताईला हे सांगितलं. "म्हणजे मच्छरदाणी चुकीच्या पोरीला लावली की गं!" ती खदखदून हसली. मीही हसले. मला जाळीने वाचवलं की रक्ताने, देव जाणे.

वळून पाहिलं तर दारात आई. हातात माझ्यासाठी टॉनिकचा भरलेला चमचा.

"म्हंजी मी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ताई लगेच म्हणाली, "काहीतरीच काय, आई! जाळीत किती उकडायचं. मीच बाहेर झोपायचा हट्ट धरायचे. आठवत नाही तुला?"

असा हट्ट तिने कधीच धरला नव्हता. मच्छरदाणी आली त्या दिवशी ती आत झोपायला मिळावं म्हणून रडली होती.

आई तिच्याकडे बघत राहिली. "आठवतंय की," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी आणलेला चमचा तिने ताईच्या तोंडापुढे धरला. ताईने तोंड वाकडं केलं आणि मुकाट्याने टॉनिक पिऊन टाकलं.