सोलापूरची मशीन, चालली तर तुमची

चिपळूणच्या एसटी स्टँडवर सकाळी सहाला बसमध्ये चढले तेव्हा माझ्याजवळ दोन ड्रेस, जाड चामड्याचे चार तुकडे, दोऱ्याची रिळं, खोबरेल तेलाची बाटली आणि उजव्या मनगटाला बांधलेला निळा पट्टा एवढा ऐवज होता. आधी त्या पट्ट्याबद्दल सांगते, कारण सगळा उपद्व्याप त्याच्यामुळेच झाला.

मी घरी चामड्याच्या पिशव्या शिवते. बारा वर्षं हातानेच शिवत आले. आरीने भोक पाडायचं, दोन्ही बाजूंनी सुया घालायच्या, दोरा ओढायचा, की पुन्हा भोक. गेल्या पावसाळ्यात मनगट सुजलं ते उतरायचं नावच घेईना. डॉक्टर म्हणाले, "हाताने शिवणं आता बंद. ऐकलं नाहीत तर वर्षभरात चहाचा कप उचलायलाही माणूस ठेवावा लागेल." पिशव्या बंद केल्या तर मी करायचं काय? घरचं शिलाई मशीन जाड चामडं बघूनच मान टाकतं आणि नवं मोठं मशीन माझ्या आवाक्यातलं नाही. अशात आमच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने मोबाईलवर एक फोटो पाठवला. सोलापुरातली पत्र्याची शेड आणि तिच्यात पोत्याखालून डोकावणारं काळंकुट्ट, बिडाचं, कुठल्या तरी परदेशातून आलेलं जुनं मशीन. खाली लिहिलं होतं, "बंद आहे, पण मालक म्हणतात मेलेलं नाही." मी लगेच निघायचं ठरवलं. नवऱ्याने विचारलं, "अगं, पण आणणार कशातून?" हा प्रश्न तोवर मला सुचलाच नव्हता.

कुंभार्ली घाटात मी इतकी खुशीत होते की कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. कराडला बस बदलली. पुढे झाडं विरळ होत गेली आणि सांगोल्याजवळ डाळिंबाच्या बागा सोडल्या तर सगळं रानच पिवळं. तिथे मेंढरांचा एक कळप रस्त्यावर आला आणि ड्रायव्हरने शांतपणे इंजिन बंद केलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुटं निघालाय?"

"सोलापूरला. मशीन आणायला."

"पिकोची व्हय?"

"नाही हो, चामडं शिवायची."

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मनगटाच्या पट्ट्यापाशी थांबल्या आणि पिशवीतून एक डाळिंब काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "खावा. लई दमायचं काम हाय की मग." शेवटची मेंढी रस्ता पार होईपर्यंत मी अर्धं डाळिंब संपवलं होतं.

सोलापुरात उतरले तर उन्हाने डोळे उघडेनात. मार्च नुकता लागला होता. रिक्षावाल्याला पत्ता सांगून मी उत्साहाच्या भरात मशीनचंही सांगून टाकलं. तो घाबरलाच. "आपा, तुमकू छोडता मैं. वो मशीन मेरे रिक्षा में नक्को डालो, पैलेच बोलता." मी त्याला वचन दिलं.

मशीनचे मालक रेवणप्पा. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणते. मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडे, त्यामुळे घरात कन्नड आणि बाहेर मराठी. वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्याला पांढरा रुमाल, आणि बोलणं असं की कौतुकसुद्धा भांडल्यासारखं. त्यांनी पोतं ओढलं आणि मी बघतच राहिले. माझ्या छातीएवढं उंच मशीन, खाली बिडाचा पायटा (पायाने हलवायची फळी), एका टोकाला थाळीएवढं चाक. सगळ्यावर गंज आणि गंजावर कोळिष्टकं. मला ते इतकं आवडलं की मी त्याच्या चाकावर हात ठेवून खुळ्यासारखी हसत उभी राहिले.

"येडं लागलंय का बाई तुमाला?" अप्पा म्हणाले. "येवढ्या लांबनं लोखंड न्यायला आलाय?"

"चालतं ना पण ते?"

"ती," अप्पांनी दुरुस्त केलं. "ती चालती. मागाला लागणारं चामड्याचं पट्टं चाळीस वर्सं हिच्यावर शिवलं मी. आता मागबी बदललं आन् माजं गुडगंबी गेलं. पायटा मारवंना." मग त्यांनी मला समोर बसवून अट सांगितली. पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला मशीन हवं होतं. त्याच्या दारात, शोभेला, वर काच टाकून. तो शुक्रवारी चारला येणार होता. "मी त्येला सांगितलंय, चिपळूनची बाई येनार हाय. चालली तर तिची, न्हाय चालली तर तुझी. बंद मशीन कारागिराच्या गळ्यात मी बांदनार न्हाय."

ती बुधवारची संध्याकाळ होती. म्हणजे माझ्या हातात दोन दिवसही नव्हते, आणि मशीनच्या पोटात काय असतं याची मला काडीचीही माहिती नव्हती.

रात्र मी स्टँडजवळच्या लॉजवर काढली. गुरुवारी सकाळी अप्पांच्या घरी पोचले, तर त्यांची सून महादेवी कामावर निघता निघता मला भेटली. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती पहिल्या पाळीला जाते, साडेतीनला परत येते. तिने माझ्यापुढे कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही ठेवलं आणि म्हणाली, "ताई, मावा (सासरे) वरडले तर मनावर घ्यायचं न्हाय. त्यांचा आवाजच तसा हाय." कडक भाकरी ही ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली. आमच्याकडे नसते. मी सरळ दाताखाली धरली आणि दाढेतून असा काही आवाज आला की अप्पांनी बाहेरून विचारलं, "काय मोडलं?" ती चुरून दह्यात भिजवायची असते हे नंतर कळलं.

मग काम सुरू झालं. मी मोठ्या दिमाखात पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली काढली. कोकणात केसांपासून कडीकोयंड्यापर्यंत सगळ्याला तेच लागतं. अप्पांनी बाटलीचा वास घेतला आणि रुमाल डोक्यावरून काढून हातात घेतला. "ह्ये घालनार हुता? हिच्यात? अवो, चार दिसांत डिंक हुईल त्येचा! डोक्याला लावा, डोक्याला!" बाटली माझ्यासमोरच महादेवीच्या फणीशेजारी गेली.

आम्ही मशीन उघडलं. निघालेला प्रत्येक स्क्रू अप्पा वर्तमानपत्रावर ओळीने मांडत होते, आणि ओळ मोडली तर माझी खैर नव्हती. डिझेलमध्ये भाग भिजवायचे, ब्रशने घासायचे, पॉलिश पेपरने उजळायचे. मनगट दुखलं की मी डाव्या हाताने घासत होते. जुनं तेल आत वाळून चिक्की झालं होतं. अप्पा ते टोकदार काडीने इतक्या हळुवारपणे काढत होते की त्यांच्या तोंडाचा पट्टा आणि त्यांचे हात एकाच माणसाचे वाटेनात. दुपारी गंजाखालून सोनेरी वेलबुट्टी निघाली. मी ओरडलेच. चारच्या सुमाराला चाक बोटभर हललं. मी डिझेलने माखलेल्या हातांनी शेडमध्ये गिरकी घेतली आणि अप्पा म्हणाले, "नाचा. उद्या रडायचं हाय."

शुक्रवारी दुपारी सगळं जोडून झालं. अप्पांनी तपकिरीच्या डबीतून कापडात गुंडाळलेल्या तीन सुया काढल्या. या मशीनच्या सुया वेगळ्याच असतात, जाड आणि आखूड. बाजारात शोधून मिळत नाहीत. "तीनच हायत," ते म्हणाले. पायटा मारायच्या आधी चाक हाताने फिरवून टाका पडतो का ते बघायचं होतं. अप्पा सुईपाशी चामडं धरून बसले, मी दुसऱ्या टोकाला चाकासमोर. मधे मशीनचं धूड, त्यामुळे त्यांना माझा हात दिसत नव्हता आणि मला त्यांचं तोंड.

"फिरवा," अप्पा म्हणाले.

मी फिरवलं. नळ बंद करताना वळतो तसा माझा हात आपोआप उजवीकडे वळला. दोन टाके पडले आणि खाली दोऱ्याचा गुंता झाला.

"यडक्क!" अप्पा ओरडले.

मला ऐकू आलं, "येडी का?" बुधवारी एकदा येडं म्हणून झालंच होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी दात खाऊन जोरात फिरवलं. कट्. पहिली सुई गेली.

अप्पांनी दुसरी बसवली, दोरा ओवला. मी पुन्हा उजवीकडे. त्यांचा आवाज चढला. "यडक्क! यडक्क!"

"हो, आहे मी येडी!" मी पलीकडून ओरडले. "म्हणून तर दहा तास बसमध्ये बसून आले!" आणि चाक आणखी जोराने उजवीकडे दाबलं. कट्. दुसरीही गेली.

आता डबीत एकच सुई. घड्याळात तीन वाजून गेलेले. अप्पा कपाळाला हात लावून बसले. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि मला चक्क रडू आलं. सुईसाठी नाही. घरी परत गेल्यावर अर्धवट पिशव्यांची जी चळत दिसणार होती, तिच्यासाठी. त्या आता कधीच पुऱ्या होणार नव्हत्या आणि तसं नवऱ्याला, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात महादेवी डबा हलवत आली. मला बघून थबकली. "एनातरी, मावा? (काय झालं, मामंजी?)" तिने आत विचारलं. आतून कन्नडचा धबधबा कोसळला. त्यात "यडक्क" चार वेळा आलं.

"बघ," मी म्हटलं, "अजूनही येडीच म्हणताहेत."

महादेवीने डबा खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागली. "अवो ताई, येडी न्हाय! यडक्क म्हंजे डावीकडं! मावांचं कामात डोकं घुसलं की मराठी जाती, कन्नड येती. चाक डावीकडं फिरवा म्हनत्यात ते!"

मी आत धावले. अप्पांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजे तुमी उजवीकडं फिरवत हुता? दोनी येळा?"

"आणि तुम्ही मला डावीकडे म्हणत होता? दोन्ही वेळा?"

एवढा दांडगा म्हातारा, पण हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग त्यांनी तिसरी सुई बसवली. महादेवी माझ्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली, दुभाषी म्हणून. मी डाव्या हाताने चाक धरलं, डावीकडे वळवलं. खट्. खट्. खट्. टाके पडत गेले, सगळे एका ओळीत. अप्पांनी चामडं उलटून खालची बाजू पाहिली, नखाने एक टाका उचलायचा प्रयत्न केला आणि मला म्हणाले, "बसा पायट्यावर."

मी बसले. पाय दाबला. सगळी शेड धडधडली. जाड चामड्याचे दोन पदर सुईखालून असे सरकत गेले की मी तोंड उघडं ठेवूनच शिवत होते, आणि चार तुकडे संपले तेव्हा मी अप्पांचा रुमाल शिवायला मागितला. त्यांनी दिला नाही.

हॉटेलवाल्याने पाठवलेला मॅनेजर चारला आला, हातात मोजपट्टी घेऊन. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "आम्हाला नुसती ठेवायचीय हो! चालली काय नि न चालली काय!"

"आमाला हाय फरक," अप्पा म्हणाले आणि त्याला हुग्गी (गव्हाची खीर) खायला बसवलं. महादेवीने ती एवढ्यात केली कधी, देव जाणे. मॅनेजरने दोन वाट्या खाल्ल्या आणि मोजपट्टी विसरून गेला.

मशीन डाळिंबाच्या टेम्पोतून चिपळूणला आलं. महादेवीच्या ओळखीचा ड्रायव्हर होता. शनिवारी सकाळी गल्लीतल्या सहा माणसांनी ते चढवलं आणि क्रेट सगळीकडून लावून पक्कं केलं. अप्पा उभे राहून सगळ्यांवर ओरडत होते. टेम्पो निघाला तेव्हा मात्र ते शेडमध्ये निघून गेले, आणि मी हात हलवला तो महादेवीलाच दिसला. घाट उतरताना मी ड्रायव्हरला तीन वेळा थांबवून मागे चढून पाहिलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "ताई, पळून जाईल का ती?" घरी उतरवताना नवऱ्याने मशीनला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "हिच्यासाठी खोली रिकामी करावी लागणार." त्यानेही "हिच्या" म्हटलं म्हणून मला फार बरं वाटलं.

प्रवासातून परत आलं की आपण कुठे गेलो, काय पाहिलं हे लोक विचारतात. सोलापुरात मी एक शेड, एक गल्ली आणि एका टॉवेल कारखान्याची सुटण्याची वेळ एवढंच पाहिलं. ठरावीक ठिकाणांपैकी एकही नाही. पण दोन दिवस मी एका माणसाचं ओरडणं ऐकलं आणि त्यातला एक शब्द आयुष्यभरासाठी शिकले, हे मला पुष्कळ वाटतं.

बुधवारी अप्पांचा फोन आला. मी लगेच सुरू झाले: मशीन नीट पोचली, डिझेलने पुसली, तेल तुम्ही सांगितलं तेच घातलं, एक माणूस सुया कुठे मिळतात त्याचा पत्ता काढतोय, अर्धवट राहिलेल्या सगळ्या पिशव्या झाल्या, आता नव्या कापल्यात. पाच मिनिटं मी बोलत होते. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"ती चालनारच," ते म्हणाले. "हात कसा हाय तुमचा?"

मी मनगटाकडे पाहिलं. पट्टा नव्हता. कधी काढून ठेवला, कुठे ठेवला, काही आठवेना. तीन दिवस मला हाताची आठवणच झाली नव्हती.