समोर बांधायची गाठ

मी मूळची साताऱ्याकडची. इंदूरच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करत होते. विषय होता कारखान्यातल्या बायकांचे कामाचे कपडे. त्यासाठी दोन महिने मी पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जात होते. तिथे सहा बायका ड्रिल मशीनवर लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडायच्या, अंगातल्या कुर्त्यावर घरातल्या पुरुषांचे जुने शर्ट चढवून. मी मापं घ्यायची, त्या कशा वाकतात ते टिपायची, कुठे टोचतं, कुठे अडकतं ते विचारायची.

सगळ्यात मोकळेपणानं बोलायच्या त्या स्नेहलतागंज मोहल्ल्यातून येणाऱ्या एक ताई. त्यांच्या चार पिढ्या इंदुरातच गेलेल्या. मी शिवून नेलेला पहिला एप्रन त्यांनी घालून बघितला.

"मॅडम, बढिया आहे," त्या म्हणाल्या, "पण पीछे गाठ दिसत नाही नं. नाड्या लांब करून द्या, आम्ही समोर बांधू."

वापरणाऱ्याचं ऐकायचं, हे मी वर्गात रोज सांगत होते. मी नाड्या लांब केल्या. तुटू नयेत म्हणून दुहेरी शिवल्या. टोकं आत खोचून घ्या, एवढं मात्र बजावलं.

चाचणीच्या दिवशी मी वही घेऊन ताईंपासून चार हातांवर उभी होते. तासाभरात खोचलेलं टोक बाहेर आलं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. ताई लोखंडाचा कीस झटकायला पुढे वाकल्या आणि नाडी फिरत्या ड्रिलला लागली. क्षणात गुंडाळली गेली. ताई छातीसकट मशीनवर ओढल्या गेल्या, हनुवटी मशीनच्या पाट्यावर आपटली. नाडी तुटेना. मशीनचं बटण उजवीकडे होतं आणि त्यांचा उजवा हात अंगाखाली दबलेला.

"बंद करो! अरे, बंद करो कोई!" ताई ओरडल्या.

मी जागची हलले नाही. खरंच हलले नाही. बटण मलाही दिसत होतं, पण त्याच्याकडे जायचं म्हणजे त्या फिरणाऱ्या टोकाजवळ जायचं. पलीकडच्या मशीनवरची बाई धावली. कोपऱ्यातली काठी उचलून तिनं भिंतीवर उंच असलेल्या मेन स्विचचा दांडा खाली पाडला. ती काठी मी दोन महिने बघत होते. झाडूचा दांडा असेल, असं समजत होते. बायकांचे हात तिथवर पोचत नाहीत म्हणून त्यांनी ती ठेवली होती.

दवाखान्यात एक्स-रे होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसले. ताईंना काही झालं तर, हे मनात होतंच. पण त्याच्या मागोमाग माझ्या पीएचडीचं काय, हेही आलं, आणि मला स्वतःचीच भीती वाटली. माझ्या बॅगेत नाडी कापता आली असती अशी कात्री होती, तीही तिथेच आठवली.

बरगडी मोडली नव्हती. हनुवटीला तीन टाके पडले. मी आत जाऊन माफी मागितली. ताई म्हणाल्या, "तो स्विच उंच आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. पण तुम्ही फक्त कपड्यांचंच पूछत होत्या."

घडलेलं सगळं मी माझ्या गाइडना सांगितलं आणि लिहूनही दिलं. मी नुसती उभी राहिले, तेही. त्यांनी काम थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा विषय मोठा झाला होता: कपडा, मशीन, भिंत, उजेड, चालायची वाट. मालकानं कुरकुरत का होईना, स्विच खाली घेतला. नव्या एप्रनला नाड्या नव्हत्या. वेल्क्रोची चिकटपट्टी होती, ओढली की सुटणारी.

तो ताईंनी घालावा असं मी म्हणणार नव्हते. त्यांनी स्वतःच मागून घेतला. आधी दोन्ही हातांनी जोरात ओढून बघितला, फर्रकन सुटला. पुन्हा घातला, आणि मशीनपाशी जाऊन माझ्याकडे बघितलं.

"चालू करू?"

मी हो म्हणाले. वही मिटली आणि खाली घेतलेल्या स्विचपाशी जाऊन उभी राहिले.